दात शाबूत, पाया खचलेला

मराठी भाषेने दातांचे फार लाड केले आहेत. राग आला की आपण दातओठ खातो, समजावून सांगताना दाताच्या कण्या करतो, खोटे बोलणाऱ्याचे दात त्याच्याच घशात घालतो, आणि भीतीने आपली दातखीळ बसते. चणे आले तेव्हा दात गेले, हे रडगाणे तर पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. पण ह्या दातांना जन्मभर धरून ठेवणाऱ्या हिरड्यांच्या वाट्याला एखादी तरी म्हण आली आहे का पाहा! मी सव्वीस वर्षे शाळेत मराठी शिकवते. म्हणी आणि वाक्प्रचार हा आमचा हक्काचा प्रश्न. तरीही मला हिरड्यांवरची एकही म्हण आठवत नाही. चकली मोडणारे दात सर्वांना दिसतात. ते ज्या भुईवर उभे असतात ती भुई कोणाच्या खिजगणतीत नसते.

माझी आणि माझ्या हिरड्यांची ओळख करून दिली ती आठवीच्या वर्गातील एका मुलाने. २०२४ सालचा जून महिना. वर्णांची उच्चारस्थाने शिकवीत होते. कंठ्य झाले, तालव्य झाले, आणि मी दंत्य वर्णांपाशी आले. त, थ, द, ध, न, ल, स. जीभ दातांपाशी कशी जाते ते मी मोठ्या आवाजात करून दाखवले. मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, तुमच्या ‘स’मध्ये शिट्टी वाजते!” वर्ग हसला, मीही हसले. घरी येऊन आरशात पाहिले तर वरच्या दोन पटाशीच्या दातांमध्ये फट पडलेली! तांदळाचा दाणा आडवा मावेल एवढी. वर्षभरापूर्वी भाचीच्या लग्नात काढलेल्या फोटोत ती नव्हती, हे मी अल्बम काढून ताडून पाहिले.

दुखत काही नव्हते. ह्या गोष्टीतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे. ठणका नाही, सूज नाही. दिवसातून दोनदा ब्रश करणारी मी; तंबाखू आणि मिश्री आमच्या घरात कोणी हातात धरली नाही. आधीच्या सहा वर्षांत दोन दाढा भरून झाल्या होत्या. त्या वेळी ब्रशावर अधूनमधून गुलाबी छटा दिसते, असे मी दाढ भरणाऱ्या डॉक्टरांना सांगितलेही होते. “जरा मऊ ब्रश वापरा,” एवढेच उत्तर मिळाले होते. तोही आणला होता.

घराजवळच एक नवे, चकचकीत दंतचिकित्सालय उघडले होते. तेथे डोक्याभोवती फिरणाऱ्या यंत्राने सगळ्या जबड्याचा एकच लांबलचक एक्स-रे काढला. त्याला ओपीजी म्हणतात. पडद्यावर माझे दात ओळीने उभे राहिले, आणि त्यांच्या खालून एक करडी, वेडीवाकडी रेघ गेलेली दिसली. तरुण डॉक्टरांनी पेनाचे टोक त्या रेघेवर ठेवले. “हे तुमचं हाड. ते इथपर्यंत असायला हवं,” त्यांनी पेन बोटभर वर नेले, “आणि आहे इथे. ॲडव्हान्स्ड पेरिओडॉन्टायटिस. तुमच्या भाषेत पायोरियाच म्हणा. पुढच्या टप्प्यातला.”

पुढचे पाच मिनिटे ते काय बोलले ते मला आठवत नाही. बाहेर आले तेव्हा हातात एक छापील कागद होता. अकरा दात काढायचे, त्यांच्या जागी हाडात स्क्रू बसवून नवे दात लावायचे, एकूण खर्च ५ लाख ८० हजार. गणपतीच्या आत निर्णय घेतल्यास दहा टक्के सूट! साड्यांच्या सेलप्रमाणे दातांचाही सेल लागतो हे मला त्या दिवशी कळले.

माणसाला हृदयविकार झाला की शेजारीपाजारी फळे घेऊन येतात. मूतखडा झाला तरी चार माणसे हळहळतात. हिरड्यांच्या आजाराला मात्र सहानुभूतीच नाही. आमच्या ह्यांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, “दातच ना? हार्ट वगैरे काही नाही ना?” त्यांचा हेतू धीर देण्याचा होता, हे मला कळत होते. सासूबाई म्हणाल्या, “अगं, मीठ-तेल लाव रात्री. माझी कवळी बसवून तीस वर्षं झाली, मी काय उपाशी आहे?” शेजारच्या काकूंनी बाभळीच्या सालीचा काढा सांगितला. शाळेतल्या एका सहशिक्षिकेने तर माझ्याशी बोलताना अर्धे पाऊल मागे घेतले. निदान मला तसे वाटले. कारण त्या दिवसापासून मी स्वतःच तोंडापुढे हात धरून बोलू लागले होते. आजाराचे नाव काढले की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो ‘ही दात घासत नसणार’ हाच. तो बोलून कोणी दाखवीत नाही, आणि त्यामुळेच त्याला उत्तरही देता येत नाही.

ते तोंडापुढचे हात पाहून मला माझी आई आठवली.

आई नेहमी पदर तोंडाशी धरून हसायची. आम्हां भावंडांना तो तिचा लाजरेपणा वाटे. पंचेचाळिसाव्या वर्षी तिचे सगळे दात गेलेले होते. किडून नव्हे, एक एक दात हलू लागे, मग ती तो जिभेने हलवीत राही, आणि एक दिवस तो पदराच्या गाठीत बांधून घरी आणी. नातेवाईक म्हणत, बाळंतपणामागे एक दात जायचाच. तिला आम्ही तिघे. तीन बाळंतपणांत अठ्ठावीस दात कसे गेले, हा हिशेब त्या वेळी कोणी मांडला नाही. रात्री उशाशी पितळेच्या वाटीत पाण्यात ठेवलेली तिची कवळी मला अजून दिसते. मी सत्तेचाळीस वर्षांची होते. त्या रात्री मला झोप लागली नाही ती ५ लाख ८० हजारांमुळे नव्हे, त्या वाटीमुळे.

दुसरे मत घ्यावे असे ह्यांनीच सुचवले. बँकेतला माणूस, एका मूल्यांकनावर कर्जही देत नाही. शोध घेतला तेव्हा कळले की, हिरड्यांचे वेगळे तज्ज्ञ असतात. दातांची पदवी झाल्यावर आणखी तीन वर्षे ह्याच एका विषयाचा अभ्यास केलेले. त्यांना पेरिओडॉन्टिस्ट म्हणतात. मुंबईतल्या एका दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, सकाळी आठच्या रांगेत उभी राहून मी अशाच एका डॉक्टरबाईंपर्यंत पोचले. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान असतील. त्यांनी एक्स-रे नुसता पाहून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “ताई, आधी मोजू या.”

हे मोजणे मी जन्मात विसरणार नाही. टोकाला मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक, बोथट सळई असते. दात आणि हिरडी ह्यांच्यामध्ये जी नैसर्गिक खोबण असते तीत ती अलगद उतरवायची आणि किती खोल जाते ते वाचायचे. एका दाताच्या भोवती सहा ठिकाणी. माझे दात अठ्ठावीस, म्हणजे १६८ मोजमापे! डॉक्टर आकडे सांगत आणि एक शिकाऊ मुलगी ते तक्त्यावर लिही. “तीन, दोन, तीन. तीन, दोन, चार. पाच, तीन, सहा.” शेजारच्या खोलीत कोणी ऐकले असते तर वाटले असते, पाढे म्हणताहेत. निरोगी हिरडीचा आकडा एक ते तीन. मी खुर्चीत आडवी पडून मनातल्या मनात प्रत्येक आकड्याला गुण देत होते. खालच्या डाव्या दाढांपाशी ‘सात, पाच, आठ’ ऐकले, आणि माझे डोळे भरून आले. दुखले म्हणून नव्हे. वर्गात नापास झालेल्या मुलाला निकाल वाचून दाखवताना कसे वाटत असेल ते तेव्हा समजले.

पाचाच्या वरच्या जागा एकेचाळीस निघाल्या. मग डॉक्टरांनी खुर्ची सरळ केली, कागदावर चित्र काढले आणि मला सगळे समजावून सांगितले. ते इतके सोपे होते की, एवढे कोणी आधी का सांगितले नाही ह्याचेच आश्चर्य वाटले.

दात हाडात खिळा ठोकावा तसा रुतलेला नसतो. मूळ आणि हाड ह्यांच्यामध्ये बारीक बारीक तंतूंची झूल असते. दात तीत टांगलेला असतो. म्हणून तर खडा लागला की लगेच कळतो. दातांवर रोज जंतूंचा एक चिकट थर बसतो. तो निघाला नाही तर लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि त्याचे दगडासारखे कीटण होते. ते ब्रशने निघत नाही. हिरडीच्या कडेखाली हे साचले की शरीर त्या जंतूंशी लढू लागते. गंमत, म्हणजे दुर्दैवाची गंमत, अशी की हाड खातात ते जंतू नव्हेत. ह्या लांबलेल्या लढाईतल्या आपल्याच सैन्याच्या धुमश्चक्रीत तंतू तुटतात आणि हाड विरघळते. हिरडी दातापासून सुटते, मध्ये खिसा तयार होतो, खिशात आणखी जंतू जातात. जेथे ब्रश पोचत नाही अशा पाच-सात मिलिमीटर खोल खिशात ते सुखाने राहतात. ज्याला हा आजार बराच पसरलेला आहे, त्याच्या तोंडातला असा बाधित पृष्ठभाग एकत्र पसरला तर सुमारे आठ ते वीस चौरस सेंटिमीटर भरतो. एवढी जखम गुडघ्यावर असती तर घरभर धावाधाव झाली असती! हिरडीखाली ती वर्षानुवर्षे गुपचूप राहते, कारण पू आणि रक्त बाहेर पडायला वाट असते; दाब वाढत नाही, म्हणून ठणकाही लागत नाही.

आणि तंबाखूवाल्यांची आणखी एक फसगत. मिश्री लावली की हिरड्या ‘आवळतात’ असे आपल्याकडे म्हणतात. प्रत्यक्षात तंबाखूने हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो, त्यामुळे रक्त येण्याची खूण तेवढी दबते आणि आजार आत वाढत राहतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना मी हे सांगितले. त्या म्हणाल्या, “पन बरं वाटतं ना वहिनी!” त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

डॉक्टरांनी आजाराला ‘टप्पा तीन, ग्रेड क’ असे नाव दिले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात असे चार टप्पे आणि अ, ब, क अशा तीन प्रती आहेत. “टप्पा म्हणजे गाडी कुठवर आली, आणि ग्रेड म्हणजे ती किती वेगाने चालली आहे,” त्या म्हणाल्या. “अकरा नाही, दोन दात काढावे लागतील. बाकीचे लढवून बघू. गेलेलं हाड सगळं परत येत नाही. पण आहे ते बहुतेकांचं टिकवता येतं.”

मी विचारले, “पण मलाच का?” हा प्रश्न प्रत्येक रोगी विचारतो आणि डॉक्टर बहुधा हसून टाळतात. ह्या बाईंनी टाळला नाही. त्यांनी मला चहामळ्याची गोष्ट सांगितली. श्रीलंकेतल्या चहामळ्यांत ४८० पुरुष मजूर असे होते की, ज्यांनी ब्रश कधी हातात धरला नव्हता आणि दातांचा डॉक्टर कधी पाहिला नव्हता. हाराल्ड लो नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७० पासून पंधरा वर्षे त्यांच्या हिरड्या तपासल्या. सर्वांच्या दातांवर सारखेच कीटण, सर्वांच्या हिरड्या लाल. तरीही १९८६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा: शंभरांतल्या अकरांचे लाल हिरड्यांपलीकडे काही बिघडले नाही, एक्याऐंशींचा आजार मध्यम गतीने वाढला, आणि आठांचा असा भरधाव गेला की पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या तोंडात एकही दात उरला नाही. अस्वच्छता सारखीच, प्रकृती वेगळी.

पंचेचाळीस! मी मटकन आईची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी ती कागदावर लिहून घेतली आणि विचारले, “आईला मधुमेह होता?” होता. पन्नाशीनंतर कळला होता. “तुम्ही साखर कधी तपासलीत?” शाळेच्या शिबिरात तीन वर्षांपूर्वी, आणि तेव्हा ती ठीक होती. त्यांनी तेथल्या तेथे तपासणीची चिठ्ठी दिली. दोन दिवसांनी आकडा आला: एचबीएवनसी ७.६. म्हणजे मधुमेह. शिट्टी वाजते म्हणून गेले, आणि हिरड्यांच्या आडून साखर सापडली! ह्या दोन आजारांचे मेतकूट असते. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा दाह बळावतो, आणि हिरड्यांचा दाह साखर चढती ठेवतो. हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीनचार महिन्यांत हा आकडा सरासरी ०.४ च्या आसपास उतरतो, असे अनेक चाचण्या एकत्र करून २०२२ साली दिसून आले आहे.

आपल्या जुन्या वैद्यांना हे रोग ठाऊक नव्हते असे मात्र कोणी समजू नये. सुश्रुताने तोंडाचे पासष्ट रोग सांगितले आहेत, आणि त्यांत दातांच्या मुळाशी होणाऱ्यांचा गट वेगळा काढला आहे. हिरड्यांतून पू-रक्त येऊन दात हलू लागतात त्याला त्याने ‘दंतवेष्ट’ म्हटले. नाव वाचून मला बरे वाटले. ‘पायोरिया’ म्हटले की नाकाला पदर लावावासा वाटतो. ‘दंतवेष्ट’ कसे एखाद्या दागिन्यासारखे वाटते.

उपचार सुरू झाले. पहिल्यांदा चार बैठकींत, तोंडाचा एक एक चतुर्थांश भाग भूल देऊन, हिरडीच्या खाली उतरून मुळांवरचे कीटण खरवडून काढले. भूल दिल्यामुळे दुखत नाही. पण कवटीच्या आत कोणीतरी कढई घासते आहे असा आवाज येतो. दुसऱ्या बैठकीनंतर एक तुकडा त्यांनी मला काचेवर दाखवला. काळपट हिरवा, ज्वारीच्या कणीएवढा. एवढ्याशा कणीने केवढी उलथापालथ! ज्या दोन दातांची आशा नव्हती ते काढले. त्यांतली एक दाढ तर त्यांनी चिमट्याने धरताच आली. मी ती मागून घेतली नाही.

ह्यानंतरचे दीड-दोन महिने कोणी सांगत नाही तसे असतात. सूज उतरली की हिरड्या आक्रसतात. दात लांब दिसू लागतात, दोन दातांमध्ये खाली काळे त्रिकोण उघडतात, आणि गार पाण्याचा घोट मेंदूपर्यंत जातो. दोन आठवडे जे औषधी गुळण्यांचे पाणी दिले होते त्याने दातांवर तपकिरी डाग पडले आणि आमटीची चव पत्र्यासारखी लागू लागली. सासूबाईंनी बघितले आणि म्हणाल्या, “बरी होतेयस की बिघडतेयस?” प्रश्न रास्त होता. आरशात मला चांगले काही दिसत नव्हते. पण डॉक्टरांचा तक्ता वेगळे सांगत होता. तीन महिन्यांनी पुन्हा १६८ नव्हे, ह्या वेळी १५६ मोजमापे झाली. एकेचाळीसचे चौदा झाले होते. सर्वांत मोठा आकडा आठवरून सहावर आला होता. मी त्या शिकाऊ मुलीकडून तक्त्याची प्रत मागून घेतली आणि घरी दाखवली. बँकेतल्या माणसाला आकडे कळतात. ह्यांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवून, पेन्सिलीने खुणा करून, पाऊण तास अभ्यास केला आणि संध्याकाळी न सांगता शेवंतीची वेणी आणली.

खालच्या डाव्या बाजूला मात्र हिरडी उघडून छोटी शस्त्रक्रिया करावी लागली, हाडाच्या खड्ड्यात भर घालावी लागली. हलणारे खालचे पुढचे दात आतून बारीक तारेने एकमेकांना बांधले आहेत. अशक्त माणसांनी हात धरून रस्ता ओलांडावा तसे. सगळ्यांचा मिळून खर्च पहिल्या कागदावरच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी झाला, कारण महाविद्यालयातले दर तसे असतात. रांग असते, वेळ जातो, रजा पडतात. पण मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ सालापासून आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, आणि हिरड्यांचा विभाग तेथे असतो. मध्यमवर्गीयाला हे माहीत नसते. आपण एकतर चकचकीत दारात जातो, नाहीतर मीठ-तेल लावतो.

खरी गोष्ट मात्र घरात घडते, आणि ती न्हाणीघरात घडते. आमचे दोन खोल्यांचे घर, माणसे चार, बेसिन एक. रात्री मला बारा मिनिटे लागतात. डॉक्टरांनी ब्रश धरायची नवी तऱ्हा शिकवली. केस हिरडीच्या कडेशी तिरपे टेकवायचे आणि जागच्या जागी हलके थरथरवायचे. ही तऱ्हा चार्ल्स बास नावाच्या अमेरिकन डॉक्टरने सांगितलेली. हे गृहस्थ दंतवैद्य नव्हतेच. हिवतापावर संशोधन करून नाव मिळवलेले, न्यू ऑर्लिन्सच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे प्रमुख. उतारवयात त्यांनी दातांच्या फटींचा ध्यास घेतला. निवृत्तीनंतर काय करावे असे विचारणाऱ्यांना मी आता त्यांचे नाव सांगते.

फटींसाठी बाटली धुण्याच्या ब्रशाची चिमुकली नात शोभावी अशी तारेची ब्रशे मिळतात, वेगवेगळ्या मापांची आणि रंगांची. माझ्या तोंडाला तीन मापे लागतात: पुढे गुलाबी, मध्ये निळे, दाढांना पिवळे. पेल्यात ती उभी करून ठेवली की फुलदाणी वाटते. मुलीने पहिल्या दिवशी विचारले, “आई, ही रांगोळीची का?” दात कोरून पोट भरत नाही, हे मी वर्गात सव्वीस वर्षे शिकवले. आता रोज रात्री दात कोरते. साडेदहाच्या बातम्यांच्या वेळी बेसिन माझे, हे घराने मान्य केले आहे. सुरुवातीला ह्यांचे दार वाजवणे होते; आता ते आधीच येऊन जातात. दुपारी शाळेत डबा खाल्ल्यावर मी शिक्षक-खोलीच्या बेसिनपाशी उभी राहते. ती अर्धे पाऊल मागे सरकलेली सहशिक्षिका मागच्या महिन्यात शेजारी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “तुमच्या त्या डॉक्टरांचा वार कुठला हो?” जगात शंभर कोटींहून अधिक माणसांना हा आजार तीव्र स्वरूपात आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितले. आमच्या बावीस जणांच्या शिक्षक-खोलीत मी एकटी असणे शक्यच नव्हते. बोलणारी एकटी होते एवढेच.

दर तीन महिन्यांनी जावे लागते. हे संपणारे काम नाही. डेन्मार्कमध्ये ह्याच लो ह्यांनी १९६५ साली निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे सोडायला लावले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासू लागताच आठवड्याभरात बऱ्या झाल्या. माझे हाड गेलेले असल्यामुळे मला ती चैन नाही. पण प्रयोगातल्या त्या माणसांसारखी माझीही घड्याळे रोज रात्री नव्याने सुरू होतात, हे मनात ठेवले की कंटाळा थोडा कमी येतो. थोडाच.

साखर औषधाने आणि संध्याकाळच्या चालण्याने ६.७ वर आहे. पाचाच्या वरच्या जागा आता सहा उरल्या आहेत. पुढची फट भरलेली नाही. ती भरता येईल, पण आणखी वर्षभर हिरड्या स्थिर राहिल्यावर, असे डॉक्टर म्हणतात. ‘स’मध्ये शिट्टी वाजतेच. ह्या वर्षीच्या आठवीला मी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, “दंत्य वर्ण माझ्याकडून ऐका, पण उच्चार पुस्तकातला करा.” तोंडापुढे हात धरणे मात्र सुटले.

मुलीला मी ह्या मे महिन्यात घेऊन गेले. एकविसाव्या वर्षी कोणाला पायोरिया होतो का, अशी तिची कुरकुर वाटभर चालू होती. तिचे १६८ आकडे मी भिंतीपलीकडच्या बाकावर बसून ऐकले. दोन, दोन, तीन. तीन, दोन, दोन. फक्त एका दाढेपाशी चार. बाहेर आली ती रुसून, कारण सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले होते.

राहिली माझी धाकटी बहीण. ती पुण्याला असते, चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि आईसारखे पदर धरून हसते. फोनवर विषय काढला की म्हणते, “ताई, मला काही दुखत नाही गं.” गेल्या वर्षभरात हे वाक्य मी अकरा वेळा ऐकले. ह्या भाऊबिजेला आम्ही दोघी दादाकडे पुण्यालाच जमणार आहोत. मी तिच्या नावाने तेथल्या एका हिरड्यांच्या डॉक्टरांकडे वेळ घेऊन ठेवली आहे, आणि दादाला गाडी काढायला सांगून ठेवले आहे. तिला कळवले तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “आधी चकल्या खाऊ दे. मग बघू.” वेळ भाऊबिजेनंतरच्या सोमवारची आहे, सकाळी साडेदहाची.